टाकीत बाटली ओतायच्या आधी

जुन्या बाइकच्या टाकीत कार्बोरेटर साफ करायचं औषध, म्हणजे अ‍ॅडिटिव्ह, घालावं की नाही, यावर यावेळी इतके प्रश्न आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ. गाडी कुठलीही असो, मुद्दा एकच आहे. अ‍ॅडिटिव्ह पेट्रोलमध्ये मिसळून जातं, त्यामुळे जिथून पेट्रोल वाहतंय तिथंच ते काम करतं, आणि जिथं पेट्रोलच पोचत नाही तिथं तेही पोचत नाही. खालची उत्तरं वाचताना एवढं डोक्यात ठेवा.

प्रश्न: दादा, बाबांची 2003 ची स्प्लेंडर आहे. बाबा गेल्यावर दोन वर्षं पडवीत तशीच उभी होती. आता मी बाहेर काढली, जुनं पेट्रोल काढून नवीन भरलं, प्लग बदलला. किक मारल्यावर चालू होते पण चोक ओढलेला असेल तरच, चोक बंद केला किंवा रेस सोडली की लगेच बंद पडते. दुकानदाराने 300 मिलीची क्लीनरची बाटली दिली, पाच लिटर पेट्रोलमध्ये ती सगळी ओतली, काडीचा फरक नाही. अजून एक ओतू का? (वाचक, कराड)

उत्तर: नका ओतू. तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की रोग पत्रातच दिसतोय. चोक ओढल्यावर चालते आणि चोक बंद केला की बंद पडते याचा अर्थ पायलट जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी पुडी, तुंबलाय, काही मेकॅनिक त्याला स्लो जेट म्हणतात. गाडी आयडलिंगला उभी असते तेव्हा इंजिनला लागणारं पेट्रोल बहुतेक सगळं याच जेटमधून येतं. तो बंद असला की चोक लावून हवा अडवावी लागते, मग ओढ वाढते आणि मेन जेटमधून थोडं पेट्रोल खेचलं जातं, म्हणून गाडी कशीबशी धरते.

आता बाटलीने फरक का पडला नाही ते बघा. दोन वर्षं कार्बोरेटरच्या खालच्या प्याल्यात, म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये, थोडं पेट्रोल राहिलं होतं. त्या प्याल्याला बाहेरची हवा लागते, त्यामुळे पेट्रोलमधला हलका भाग आधी उडून जातो आणि राहिलेला जड भाग हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून चिकट होत जातो, आधी मधासारखा रंग येतो, मग तपकिरी, शेवटी वार्निशचा थर बसतो. पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, ते बुजायला कितीसा थर लागतो! आणि एकदा पूर्ण बुजलं की त्यातून पेट्रोल वाहतच नाही, मग पेट्रोलमधलं औषध तिथं जाणार कसं? ते मेन जेटमधून निघून जळून जातं. तुमची बाटली खोटी होती असं मी म्हणत नाही, तिला त्या जागेपर्यंत रस्ताच नव्हता.

त्यामुळे कार्बोरेटर खोला. हाताला सवय असेल तर घरी होतं, नसेल तर जुन्या गाड्यांचं काम करणारा मिस्त्री शोधा आणि शक्यतो शेजारी उभं राहून बघा. पेट्रोल कॉक बंद करायचा, प्याल्याच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून उरलेलं पेट्रोल डब्यात घ्यायचं. प्याल्याचे स्क्रू मऊ असतात, खाचेत नीट बसणारा स्टार स्क्रूड्रायव्हरच वापरा, खाच गेली की पुढचा अर्धा दिवस त्यातच जातो. प्याला उघडल्यावर तळाशी बघा आणि वास घ्या. जुन्या रंगाच्या डब्यासारखा आंबूस वास आला तर निदान पक्कं.

मग जेट काढा. मधला उंच असतो तो मेन जेट, त्याच्या बाजूला खोल भोकात बसलेला बारीक तो पायलट. काही लहान कार्बोरेटरमध्ये पायलट जेट कारखान्यातच दाबून बसवलेला असतो, त्याला स्क्रूची खाच नसते, तो उपटायच्या फंदात पडू नका, आहे तिथंच स्प्रे मारून साफ करायचा. निघणारा असेल तर काढून उजेडाकडे धरा आणि एक डोळा मिटून आरपार बघा. स्वच्छ जेटमधून गोल, धारदार कडेचा उजेडाचा ठिपका दिसतो. तुमच्याकडे एकतर काहीच दिसणार नाही किंवा अर्धचंद्रासारखा वाकडा ठिपका दिसेल. कार्बोरेटर क्लीनरमध्ये तो रात्रभर भिजवा, सकाळी कॉम्प्रेसरची हवा मारा, परत बघा. तरी राहिलं तर वायरमधली तांब्याची एक बारीक तार घ्या, तांबं पितळेपेक्षा मऊ असल्याने भोक मोठं होत नाही. सेफ्टी पिन, सुई, गिटारची तार यातलं काहीही घालायचं नाही. भोक जरा जरी वाढलं तरी गाडी कायमची जास्त पेट्रोल पिणार आणि मग जेट नवीनच घ्यावा लागतो.

मिक्श्चर स्क्रू, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा, काढायच्या आधी तो पूर्ण आत किती फेऱ्या जातो ते मोजून लिहून ठेवा, हलक्या हातानेच, जोराने आवळला तर टोक आणि बैठक दोन्ही खराब होतात. त्याच्या भोकातूनही स्प्रे मारा, बऱ्याचदा जेट साफ असतो पण त्याच्या पुढची वाट तुंबलेली असते. आणि हे सगळं अंगणात करा, जवळ शेगडी, उदबत्ती, देवघरातला दिवा काही नको, स्प्रे मारताना डोळ्याला चष्मा असू द्या कारण एका भोकात मारलेला फवारा दुसऱ्या भोकातून सरळ तोंडावर येतो.

टाकीतल्या औषधाचं आता काय? 300 मिलीची बाटली चारचाकीच्या साठ लिटरसाठी असते, तुम्ही ती पाच लिटरमध्ये घातलीय. कार्बोरेटर बसवल्यावर टाकी फुल्ल भरा म्हणजे जरा पातळ होईल, आणि ते पेट्रोल संपलं की इंजिन ऑइल बदलून टाका, कारण न जळलेला अंश पिस्टनच्या कडेने ऑइलमध्ये उतरतो. बाबांची गाडी आहे, चांगल्या अवस्थेतली स्प्लेंडर अजून बरीच वर्षं चालते, घाई न करता करा.

प्रश्न: बाजारात इंजेक्टर क्लीनर, ऑक्टेन बूस्टर, फ्युएल स्टॅबिलायझर, वॉटर रिमूव्हर अशा सतरा बाटल्या आहेत. माझी 2008 ची पॅशन रोज चालते, काही त्रास नाही, फक्त आधीपेक्षा पिकअप जरा कमी वाटतो. यातलं नक्की काय घालू? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर: रोज चालणारी, त्रास नसलेली गाडी, म्हणजे अ‍ॅडिटिव्हचा खरा उपयोग होऊ शकतो अशी हीच. पण आधी एअर फिल्टर, प्लग आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघून घ्या. पिकअप कमी होण्याची ही जास्त साधी कारणं आहेत आणि तिघांचा खर्च मिळून एका चांगल्या बाटलीपेक्षा फार नसतो. घसरणाऱ्या क्लचप्लेटनेही तसंच वाटतं.

हे सगळं ठीक असेल तर क्लीनर घ्या, आणि बाटलीमागे पॉलीइथर अमाइन, म्हणजे पीईए, लिहिलंय का ते शोधा. या रेणूचं एक टोक काजळीला चिकटतं आणि दुसरं पेट्रोलमध्ये विरघळतं, साबणासारखंच. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल हवेत मिसळून इनलेट व्हॉल्व्हच्या पाठीवरूनच आत जातं, त्यामुळे त्या व्हॉल्व्हवरचा काळा थर हळूहळू धुतला जातो. पीईएचा जास्तीचा फायदा असा की ते उष्णतेत टिकतं, म्हणून पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बनही थोडा सुटतो. स्वस्त बाटल्यांमध्ये पॉलीआयसोब्युटिलीनवाली जुनी रसायनं असतात, ती व्हॉल्व्ह साफ ठेवतात पण ज्वलनकक्षात स्वतःचाच थोडा थर सोडतात. ज्या बाटलीवर घटक लिहिलेलेच नाहीत, नुसती वाघ-चित्त्याची चित्रं आहेत, ती घेऊ नका.

डोस मोजून घाला. 300 मिली साठ लिटरला, म्हणजे लिटरमागे 5 मिली. टाकीत आठ लिटर असेल तर 40 मिली, खोकल्याच्या औषधाबरोबर येतं ते मापाचं टोपण यासाठी उत्तम, फक्त नंतर ते घरात परत नेऊ नका. आधी औषध आणि मग पेट्रोल अशा क्रमाने घाला म्हणजे नीट मिसळतं, आणि गावातल्या गावात न फिरवता ती टाकी एका लांबच्या रपेटीत संपवा, इंजिन पूर्ण तापलं तरच थर सुटतो. दर चार-पाच हजार किलोमीटरला एकदा पुरे. दर टाकीला घालणं म्हणजे पैसे जाळणं.

ऑक्टेन म्हणजे इंजिनातले खडखड ठोके टाळायची पेट्रोलची ताकद, त्याचा बूस्टर तुमच्या गाडीला नकोच. ती साध्या 91 ऑक्टेनसाठी बनलीय, ठोके येत नसतील तर जास्त ऑक्टेनने ताकद वाढत नाही. पंपावरच्या महागड्या पेट्रोलमध्ये डिटर्जंट अ‍ॅडिटिव्ह आधीच असतं, अधूनमधून तेच भरलंत तरी चालेल, वेगळी बाटली लागणार नाही.

प्रश्न: माझ्या आरएक्स 100 चा आवाज दबलाय, वरच्या स्पीडला गुदमरते. एक जण म्हणाला पेट्रोलमध्ये थोडं रॉकेल आणि दोन डांबरगोळ्या टाक, सगळा कार्बन जळून जातो. दुसरा म्हणतो इम्पोर्टेड क्लीनर टाक. (वाचक, नाशिक)

उत्तर: दोन्ही नको, आणि रॉकेल तर मुळीच नको. रॉकेलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा फार कमी असतो, ते उशिरा आणि अर्धवट जळतं, म्हणजे जो कार्बन घालवायचाय तोच वाढतो, वर इंजिन ठोके देतं. डांबरगोळ्यांनी ऑक्टेन थोडा वाढतो ही ऐकीव गोष्ट अगदीच निराधार नाही, पण पेट्रोल उडून गेलं की नॅप्थलीनचे स्फटिक परत तयार होतात आणि ते जेटमध्येच अडकतात. चांगल्या गाडीचं वाटोळं करायचा हा खात्रीचा मार्ग आहे.

टू-स्ट्रोकमध्ये 2टी ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं. त्याचा न जळलेला भाग एक्झॉस्ट पोर्टवर आणि सायलेन्सरच्या आत कार्बन होऊन बसतो, कधी कडक, कधी डांबरासारखा ओलसर. टाकीतलं क्लीनर ज्वलनकक्ष ओलांडून तिथं पोचेपर्यंत जळून गेलेलं असतं, त्यामुळे इम्पोर्टेड असो की देशी, सायलेन्सर त्याने साफ होणार नाही. हे हातानेच करायचं काम आहे. सायलेन्सरच्या मागच्या टोकाला एक बोल्ट असतो, तो काढला की आतली भोकांची नळी, बॅफल, ओढून बाहेर येते. तुमची भोकं निम्मी बुजलेली निघतील बघा. गॅसच्या टॉर्चने तापवून ती लाल केली की कार्बन जळून पांढरट राख होते, ठोकली की झडते. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवलं तरी चालतं, पण हातमोजे घालून, आणि अ‍ॅल्युमिनियमचा कुठलाही भाग त्या पाण्यात जाता कामा नये, सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो.

एक्झॉस्ट पोर्टसाठी हेड आणि बोअर, म्हणजे सिलिंडर, उतरवा, या गाडीत ते फार अवघड नाही. पिस्टनचं डोकं आणि पोर्ट लाकडी किंवा पितळी पट्टीने खरवडायचं, स्क्रूड्रायव्हरने नाही, ओरखडा पडला की पुढचा कार्बन तिथंच आधी धरतो. बसवताना दोन्ही गॅस्केट नवीन. आणि हे झाल्यावर ऑटोल्यूबच्या, म्हणजे 2टी ऑइल आपोआप सोडणाऱ्या, ऑइल पंपाची केबल गाडीच्या खुणेवर आहे का ते तपासा, अनेक मिस्त्री इंजिन जाम होईल या भीतीने पंप जास्त उघडा ठेवतात आणि त्यानेच गाडी वर्षभरात परत गुदमरते. ऑइल चांगलं, कमी धुराचं घ्या. 1996 मध्ये बंद झालेली गाडी आहे, ओरिजिनल बोअर मिळवायला लोक वणवण फिरतात, तिच्यावर डांबरगोळ्यांचे प्रयोग नकोत.

प्रश्न: सर, मी स्वतःच यूट्यूब बघून माझ्या पल्सर 150 चा कार्बोरेटर स्प्रेने साफ केला. आयडलिंग छान झालं पण आता गाडी चाळीसच्या पुढे जातच नाही, रेस कितीही ओढा नुसती घुमते. कचरा पुढे सरकला असेल का, टाकीत क्लीनर घालू का? (वाचक, नागपूर)

उत्तर: ताई, स्वतः हात घातलात हे फार छान केलंत, आणि आयडलिंग सुधारलं म्हणजे जेट तुम्ही नीट साफ केलेत. पण पल्सरचा कार्बोरेटर सीव्ही प्रकारचा आहे. त्यात तुम्ही ओढता ती रेस सरळ कार्बोरेटरमधला पिस्टन (इंजिनचा नव्हे) उचलत नाही, वरच्या झाकणाखाली एक पातळ काळा रबरी पडदा असतो, डायफ्राम, तो हवेच्या ओढीने वर जातो आणि पिस्टन उचलतो. कार्बोरेटर स्प्रेमध्ये अ‍ॅसिटोन, टोल्युइन असले तीव्र सॉल्व्हंट असतात, ते या रबराला लागले की रबर फुगतं, झाकणात नीट बसत नाही किंवा फाटतं. पडदा फाटला की पिस्टन अर्ध्यावरच राहतो आणि गाडी ठराविक वेगापुढे जात नाही, तुमचं वर्णन तंतोतंत तेच आहे.

वरचं झाकण काढा, आत स्प्रिंग आहे ती उडेल, हात ठेवून काढा. पडदा खिडकीच्या उजेडात धरून हलका ताणून बघा, सुईच्या टोकाएवढं भोकही पुरतं. फाटला नसेल, नुसता फुगला असेल तर एक दिवस मोकळ्या हवेत सुकू द्या, कधीकधी मूळ आकारात येतो. नाहीतर नवीन घ्या, पिस्टनसकट मिळतो. टाकीत क्लीनर घालून याला काही होणार नाही. पुढच्या वेळी स्प्रे मारायच्या आधी पडदा, ओ-रिंग, फ्लोट आणि फ्लोटची रबरी टोकाची पिन बाहेर काढून ठेवा, त्यांना नुसतं पेट्रोलच्या फडक्याने पुसलं तरी पुरतं.

प्रश्न: भाऊ मर्चंट नेव्हीत आहे, त्याची कास्ट आयर्न बुलेट सहा-सात महिने घरात उभी असते, त्यात अख्खा पावसाळा येतो. दरवेळी आल्यावर कार्बोरेटरमध्ये पाणी निघतं. वॉटर रिमूव्हर घालून ठेवू का? इथेनॉलच्या पेट्रोलमुळे हे होतंय का? (वाचक, चिपळूण)

उत्तर: इथेनॉलचा हात आहे. सध्या पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये साधारण वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. कोकणातल्या जुलै-ऑगस्टमध्ये ओलाव्याला तोटा नाही. ठराविक मर्यादेपर्यंत पाणी त्यात विरघळून राहतं, मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोघं मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. पेट्रोल कॉकही तळाशीच, म्हणून पहिल्या किकला तेच प्याल्यात येतं. टाकीच्या झाकणाचं रबर जुनं झालं असेल तर पावसाचं पाणीही आत जातं, ते आधी बघा.

वॉटर रिमूव्हरच्या बहुतेक बाटल्यांमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं, पाण्याला पेट्रोलमध्ये मिसळवून जाळून टाकणं एवढंच त्याचं काम. टाकीत आधीच लिटरभर पेट्रोलमागे दोनशे मिलीपर्यंत अल्कोहोल आहे, त्यात अजून वाटीभर घालून काय साधणार? ज्या काळी पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं त्या काळाची ती बाटली आहे. पाणी साठलेलं असेल तर टाकी उतरवून रिकामी करणं हाच उपाय.

तुमच्यासाठी कामाची बाटली म्हणजे स्टॅबिलायझर, पण तीही ताज्या पेट्रोलमध्ये घालायची, बिघडलेलं पेट्रोल त्याने परत ताजं होत नाही. भाऊ निघायच्या आधी टाकी गळ्यापर्यंत भरा म्हणजे आत हवेला आणि ओलाव्याला जागा कमी, स्टॅबिलायझर मापाने घाला, गाडी दहा मिनिटं चालवा म्हणजे ते पेट्रोल कार्बोरेटरमध्येही पोचेल, मग कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा आणि शेवटी प्याल्याच्या तळाचा स्क्रू काढून राहिलेले थेंबही सोडून द्या. मला विचाराल तर सहा महिन्यांच्या वर गाडी उभी राहणार असेल तर स्टॅबिलायझरच्या भरवशावर राहू नका, टाकी पूर्ण रिकामी करून आतून इंजिन ऑइलचा हात फिरवा, कास्ट आयर्न बुलेटची टाकी लोखंडी पत्र्याची आहे, गंज लागला की तो कुठल्याच अ‍ॅडिटिव्हने जात नाही. गंज आधीच असेल तर किराणा दुकानातलं सायट्रिक अ‍ॅसिड कोमट पाण्यात घालून एक रात्र भरून ठेवा, सकाळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच वाळवा, लगेच ऑइल फिरवा, तासभर जरी ओली राहिली तरी नवा गंज धरतो.

आणि पेट्रोलची नळी, फ्लोटच्या पिनचं रबर, कॉकचे वॉशर एकदा बदलूनच घ्या. ई-20 ला चालणारे रबरी भाग नव्या गाड्यांमध्ये एप्रिल 2023 पासून यायला लागले, त्याआधीच्या बुलेटमध्ये ते असणं शक्य नाही. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, त्यामुळे आयडलिंगला फट्फट् करत असेल तर मिक्श्चर स्क्रूने थोडं जाड करून घ्या, प्लगचा रंग बिस्किटी राहिला पाहिजे.

प्रश्न: बीएस-6 ची इंजेक्शनवाली शाइन आहे, कार्बोरेटर क्लीनर चालेल का? (वाचक, लातूर)

उत्तर: टाकीत घालायचं पीईएवालं चालेल, त्याच मापात. स्प्रेचा डबा सेन्सरजवळ अजिबात नेऊ नका.

प्रश्न: माझी सीडी 100 निळसर धूर सोडते आणि ऑइल खाते. मिस्त्री म्हणतो पेट्रोलमध्ये क्लीनर आणि इंजिनमध्ये डिझेल घालून फ्लश करू, सगळं साफ होईल. (वाचक, सोलापूर)

उत्तर: निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा नाहीतर व्हॉल्व्हचे ऑइल सील गेलेत. झिजलेला लोखंडाचा भाग साफ करून भरून येत नाही. फक्त फार वर्षं उभी राहिलेली गाडी असेल तर कधीकधी रिंगा कार्बनने खाचेत चिकटलेल्या असतात, त्या पीईएने आणि लांबच्या रपेटीने सुटू शकतात, एक टाकी करून बघायला हरकत नाही. धूर गाडी चालू करताना क्षणभर येतो की रेस देताना सतत येतो ते बघा. चालू करताना क्षणभर येत असेल तर बहुधा सील, ते स्वस्तात होतं. सतत असेल तर बोअर मापून घ्या.

डिझेल फ्लश मात्र करू देऊ नका. बाइकमध्ये क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो. डिझेलने ऑइलचा थर पातळ होतो, बेअरिंग कोरडी चालतात, आणि वर्षानुवर्षं तळाशी बसलेला गाळ एकदम सुटून ऑइलच्या जाळीत अडकतो, मग हेडपर्यंत ऑइलच चढत नाही. गाळ काढायचाच असेल तर चांगलं ऑइल भरून पाचशे किलोमीटरवर काढा, परत भरा, परत काढा, आणि दरवेळी जाळी उघडून पुसा. बाहेर निघणारं ऑइल स्वच्छ दिसायला लागलं की थांबा.